पिवळ्या घरापासून डावीकडे

प्रिय आत्ते,

(तुझ्या न उचलल्या जाणाऱ्या फोनलाही माझा नमस्कार सांग.)

फोन घेत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद. पोस्टातून आलेलं काहीही तू न वाचता बाजूला ठेवत नाहीस. विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचतेस, तेव्हा भाचीचं पत्र एकदा तरी वाचशील. मध्येच 'मुद्द्यावर ये' म्हणून ओरडशील, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला मोकळेपणी भरकटता येईल. लेख घेतल्याचं कळवताना आमच्या संपादकबाईंनी तुला लिहिलं, की तुमची भाची इथेच काम करते आणि या लेखापुरती ती बाजूला झाली होती. त्यावर तू त्यांना दोनच वाक्यं लिहिलीस: 'नात्यातलं माणूस बाजूला झालं म्हणजे दाराआड उभं राहिलं, एवढं मला कळतं. लेख मागे घेते.' बाईंनी ते मला वाचायला दिलं. अंक पुढच्या आठवड्यात सगळ्यांसाठी उघडायचा आहे, आणि तुझा लेख त्यात पहिला आहे. लेख तुझा, तो मागे घ्यायचा हक्क तुझा, आणि त्या तुला एका शब्दानेही आग्रह करणार नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. मी करू नये, असं मात्र कुणी सांगितलेलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मी इस्त्री करत नाही. गेल्या खेपेला फोनवर 'लॉन्ड्रीच्या वर काम करते' एवढंच बोलले आणि बस आली म्हणून फोन ठेवला. तू तेवढ्यावरून शेजारच्या काकूंना सांगून टाकलंस, की पोरगी कपड्यांच्या घड्या घालते, कष्टाचं काम आहे, लाज कसली त्यात. आलं माझ्या कानावर. मी दुरुस्त केलं नाही, कारण त्याआधी चष्म्याच्या दुकानात काचा पुसल्या, रोपवाटिकेत कुंड्या भरल्या, नावेवर तिकिटं फाडली, सुताराच्या हाताखाली फळ्या धरल्या, आणि दर वेळी तुला मोठ्या तोंडाने कळवलं. तुझं 'अभिनंदन' येईपर्यंत माझा मुक्काम हललेला असायचा. पायाला भिंगरी म्हणून नावच भिंगरी ठेवलंस, त्याला जागायला नको? या वेळी म्हटलं, आधी टिकते का ते बघू, मग सांगू. टिकले आत्ते. सांगायचं तेवढं राहिलं, आणि त्यातून हे महाभारत झालं.

तर लॉन्ड्रीच्या वर तीन खोल्या आहेत. खालच्या वाफेमुळे जमीन कायम कोमट असते, म्हणून सगळे अनवाणी वावरतात, आणि कुणी मोठा प्राध्यापक येणार असला की मोज्यांची शोधाशोध सुरू होते. इथून एक संशोधन पत्रिका निघते. निघते म्हणजे कागदावर नाही. ती संगणकावरच उघडते आणि संगणकावरच राहते. इथले लेख वाचायचे नसतात, त्यांच्यात शिरायचं असतं. एका बाईंनी गळक्या छपरांवर लिहिलंय. त्यात खोलीभर भांडी मांडलेली दिसतात, भांड्यावर बोट ठेवलं की थेंब पडल्याचा आवाज येतो, आणि आवाजावरून छप्पर कशाचं होतं, माणसं कुठे सरकून झोपत होती, तिथवर त्या तुला नेतात. एका गृहस्थांचा जुन्या कापडांच्या विणीवरचा लेख आहे, त्यात धागा ओढला की कापड उसवत जातं आणि विणणाऱ्याचे हात उलटे चालताना दिसतात. मी तो पहिल्यांदा उसवला तेव्हा जेवायचं विसरले होते. आणि हे सगळं रीतसर असतं बरं. विधानामागे पुरावा, पुराव्याखाली टिपा, नावं झाकून लेख दोन तज्ज्ञ परीक्षकांकडे पाठवायचा, त्यांनी पिंजून काढायचा, मग कुठे पत्रिकेत जागा. दिसतो खेळ, पण मागे हाडं मोडेपर्यंत काम असतं. तुझ्या शाळेतले लोक 'संगणकावरचं काहीतरी' म्हणून नाक मुरडत असतील तर त्यांना सांग, आमच्याकडे येणाऱ्या लेखांपैकी बहुतेक आल्या वाटेने परत जातात.

मी इथे आले ती फळ्या ठोकायला. कागद नसलेल्या पत्रिकेला फळ्या कशाला, असं मीही विचारलं होतं; हेडफोन, रेकॉर्डर आणि वायरींची जंगलं ठेवायला. सुतार 'खिळे आणतो' म्हणून गेला तो गेलाच. मी रिकामी, समोर स्क्रीन चालू. रिकाम्या माणसासमोर चालू स्क्रीन ठेवणं वेगळं आणि माझ्यासमोर ठेवणं वेगळं, हे गुंत्याला तोवर माहीत नव्हतं. गुंता म्हणजे इथला संगणकवाला. गुंते सोडवतो म्हणून हे नाव पडलं असं तो सांगतो. घालतो म्हणून पडलं असं बाई सांगतात. मी गळक्या छपरांत शिरले, जिथे बोट ठेवायचं तिथे सोडून भलतीकडेच ठेवत गेले, आणि थोड्या वेळाने सगळी भांडी एकदम वाजायला लागली ती थांबेचनात. गुंता 'अगं कुठे हात लावलास, कुठे हात लावलास' करत धावत आला. त्याच्या मागे संपादकबाई. मी हातोडा उचलून काढता पाय घेणार, तर बाई दारातच उभ्या. म्हणाल्या, 'थांब. आत्ता जे केलंस ते परत कर. सावकाश.'

मग कळलं की त्यांच्याकडे एक रीत आहे. लेख तज्ज्ञांकडे पाठवण्याआधी तो अशा माणसाला देतात, ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही. त्याला काही समजावायचं नाही, हात धरायचा नाही. मागे बसून नुसतं बघायचं, की तो कुठे थबकतो, कुठे चुकतो, कुठे कंटाळून खिडकीबाहेर बघतो. शेवटी बाई स्क्रीन बंद करतात आणि एवढंच विचारतात, 'काय उरलं?' या माणसाला इथे वाटसरू म्हणतात. आधीचा वाटसरू फार शहाणा झाला होता, चुकतच नसे, म्हणून जागा रिकामी होती. म्हणजे बघ, ज्या गुणावर माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकात 'लक्ष विचलित होते' असा शेरा पडला, त्या गुणाला इथे स्वतःची खुर्ची आहे. तीही गोल फिरणारी.

आता म्हणशील, आपलंच पुराण लावून बसली. आले, तुझ्याकडेच आले. 'पोस्टवाली बाई' आठवते ना? शाळा सुटली की इतिहासाच्या बाई, म्हणजे तू, खांद्याला रेकॉर्डर लावून, एका हाताने मला धरून चौकात उभ्या राहायच्या आणि दिसेल त्याला विचारायच्या, 'पोस्टात कसं जायचं हो?' पोस्ट तुला डोळे मिटून सापडलं असतं. तुला पोस्टात जायचंच नव्हतं, लोक रस्ता कसा सांगतात ते हवं होतं. त्यांचं सांगून झालं की तू माझ्याकडे वळून म्हणायचीस: ऐकलंस ना? चल, पुढे तू. मग मी पुढे, तू मागे, आणि तुझ्या तोंडातून ब्र नाही, मी कितीही चुकले तरी नाही. वर्गातली पोरं विचारायची, 'काय गं, सापडलं का तुझ्या आत्याला पोस्ट?' एकदा मी रडत घरी आले तर म्हणालीस, 'त्यांना सांग, अजून शोधतोय, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.' आणि दुसऱ्या दिवशी खरंच शाळेच्या दारात उभी राहून त्यातल्या दोघांचं सांगणं टेप करून घेतलंस! मी लाजेने पाण्याच्या टाकीमागे लपले होते. त्या वेळी मला वाटायचं, मी सारखी कुत्र्यामांजरांमागे जाते, कुठेही वळते, माझ्यामुळे तुझं काम बिघडतं. दुसरं सांभाळणारं कुणी नाही म्हणून बिचारी मला ओढत नेते.

पुढे त्या कामाचं काय झालं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलंय. तू लेख पाठवलास त्या छापील पत्रिकेने कळवलं, की निरीक्षणं चटकदार आहेत पण हा अभ्यास नव्हे, आवाज काढून तक्ते द्या. तू तक्तेही केलेस. 'सरळ' कितीदा, 'डावीकडे' कितीदा. मग ते कागद हातात धरून म्हणालीस, 'माणसं काढून घेतली आणि नुसते कपडे दोरीवर वाळत घातले.' ते कागद कुठेच गेले नाहीत. टेपा बुटांच्या खोक्यांत गेल्या, आणि कुणी विचारलं की तू 'तो नाद सुटला' म्हणायचीस. तुझ्यासारखी खरं बोलणारी बाई एवढं एकच खोटं इतकी वर्षं बोलत होती. निवृत्त झाल्यावर मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या वर्गात बसून संगणक शिकतेस म्हणालीस, तर मला वाटलं, फोटो पाठवायला शिकत असशील.

त्या दिवशी बाईंनी नेहमीप्रमाणे मला हेडफोन दिले. लेखकाचं नाव झाकलेलं, गावाचं नाव झाकलेलं. लेखकाचा आवाजही काढून टाकायचा असा नियम आहे, म्हणून प्रश्न नुसताच अक्षरांत उमटला: 'तिथे कसं जायचं?' तिथे म्हणजे कुठे, ते सांगितलेलंच नाही. समोर वरून दिसणारा एक चौक. माणसावर बोट ठेवलं की तो रस्ता सांगायला लागतो. मला ओळखायला नको होतं का? नाही ओळखलं. हसू नकोस. आपलं गाव वरून कधी पाहिलेलं असतं आपण? मी ते गुडघ्यांच्या उंचीवरून पाहिलंय. प्रत्येकाच्या सांगण्याबरोबर दोन रेघा निघत होत्या, सांगणाऱ्याच्या मनातल्या रस्त्याची हिरवी, आणि ते ऐकून एक मूल खरोखर जिथे गेलं त्याची लाल. एक काका म्हणाले, नाकासमोर सरळ जा. पुढे रस्ता वळतो, पण काकांच्या पायांना ते वळण सवयीने सरळच वाटतं. लाल रेघ मात्र नाकासमोर गेली ती थेट न्हाव्याच्या दुकानात शिरली, आणि एक बारीक आवाज म्हणाला, 'आता यांच्यातून जायचं का?' मी खदाखदा हसले. म्हटलं, काय आगाऊ कार्टं आहे! बाई मागून 'शू' म्हणाल्या.

मग एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं, पिवळ्या घरापासून डावीकडे. लाल रेघ निघाली, रेंगाळली, स्वतःभोवती गोल फिरली, थांबली. समोर निळं घर. आणि तोच आवाज, सर्दी झालेल्या नाकातून, म्हणाला, 'आत्ते, इथे पिवळं काहीच नाही.'

बाकी सगळीकडून तू 'आत्ते' कापून काढलीस, गुंत्याने नंतर दाखवलं मला, इतक्या सफाईने की शिवण दिसत नाही. एवढी एकच राहिली. राहून गेली की ठेवलीस, ते मला सांगू नकोस. मी त्या निळ्या घरावर बोट ठेवलं, आणि भिंती हळूहळू, ऊन चढावं तशा, पिवळ्या व्हायला लागल्या. म्हातारीच्या डोळ्यांसमोर जे घर होतं ते माझ्यासमोर उभं राहायला लागलं. ते पुरतं पिवळं व्हायच्या आत मी हेडफोन काढले, खुर्चीवरून उठले आणि बाईंना म्हणाले, 'मला हा लेख फिरता येणार नाही. ह्यात मी आधीच फिरतेय.'

बाई मोजकं बोलतात. त्यांनी माझ्या हातातून माऊस काढून घेतला आणि म्हणाल्या, 'खाली जा. हा लेख टेबलावर असेल तेव्हा वर यायचं नाही.' आणि आत्ते, मी खाली गेले. दाराआड नाही. जिना उतरून, लॉन्ड्रीत, ओल्या चादरींच्या ढिगाआड. तिथे यंत्रांचा असा घरघराट असतो की शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही, वरचं काय येणार! हा लेख वर निघाला की मी खाली चादरींच्या घड्या घालायला. म्हणजे काकूंना तू सांगितलंस ते शेवटी खरंच झालं. तुझ्या जिभेवर काहीतरी आहे. माझ्या जागी बाईंनी लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंना वाटसरू म्हणून बसवलं. त्या 'आलेच हं' म्हणून वर गेल्या, त्या उतरेचनात, आणि इकडे एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची पाठ करपली. खाली आल्यावर मी एक अक्षर विचारलं नाही, तुझी शपथ. त्याच आपल्याशी पुटपुटल्या, 'खरंच की, मी अजून पडलेल्या पुलावरूनच रस्ता सांगते सगळ्यांना.'

पुढचं मला निकाल लागल्यावर कळलं. पहिल्या परीक्षकाचं म्हणणं, लेख उत्तम, पण मुलाचे आवाज काढावेत, उगाच गहिवर येतो. दुसरीचं म्हणणं, मूल हीच तर इथली अभ्यासाची पद्धत आहे. बाईंनी दोन्ही मतं तुझ्याकडे पाठवली, आणि तू जे उत्तर दिलंस ना, ते मी इतक्यांदा वाचलंय की झोपेत म्हणेन. 'मूल काढलं तर लेख उरेल, पुरावा उरणार नाही. मोठी माणसं अदबीने चुकतात, रस्ता सापडल्याचं नाटक करतात. मूल थांबतं आणि सांगतं. ते जिथे चुकतं, तिथे गावातलं काहीतरी हरवलेलं असतं.' आत्ते! माझी प्रत्येक चूक तू जपून ठेवली होतीस. मला वाटायचं मी काम बिघडवतेय, आणि काम तेच होतं. पहिले परीक्षक लेखात पुन्हा शिरले, आणि परतल्यावर त्यांनी कळवलं, 'मी चुकलो नव्हतो, घाईत होतो. मूल राहू द्यावं.' तज्ज्ञ माणसाने एवढं म्हणणं म्हणजे दगडाला पाझर. बाईंनी ते वाक्य आमच्या फळ्यावर लिहून ठेवलंय, आणि गुंता आता उशीर झाला की तेच म्हणतो, उलटं करून: 'घाईत नव्हतो, चुकलो होतो.'

तेव्हा वशिल्याचं नाव काढू नकोस. आपल्या घरात वशिला नावाचा जंतू असता, तर मी आज पदवीधर असते. तू, माझी सख्खी आत्या, एकाच ताटात जेवणारी, तू मला इतिहासात नापास केलंस! आणि घरी येऊन विचारलंस, 'पेपर कसा गेला होता?' तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. आता हा किस्सा इथे सगळ्यांना सांगितलाय आणि कॉलर ताठ करून सांगितलाय. हेडमास्तरांनी 'आपल्याच बाई आहेत' म्हणून तुझा एक लेख शाळेच्या वार्षिकात छापायचं ठरवलं, तर तू तो त्यांच्या टेबलावरून उचलून आणलास. हे सगळं मी पाहिलंय, म्हणून तर त्या खुर्चीतून उठताना मला विचार करावा लागला नाही. आणि तरीही तुझ्या लेखामागे कुणाचा तरी वशिला होता असंच तुला म्हणायचं असेल, तर तो एका सहा वर्षांच्या, नाक गळणाऱ्या, हट्टी मुलीचा होता. ती आमच्याकडे नोकरीला नाही.

निकाल लागला त्या दुपारी बाईंनी मला वर बोलावलं आणि म्हणाल्या, 'आता वाच.' तुझी प्रस्तावना मी उभ्याउभ्याच वाचली. गावात नव्याने आलेलं एक मूल बाजारात हरवलं, असं तू लिहिलंयस. फळवाल्याने विचारलं, घर कुठे आहे तुझं? मुलाने पत्ता सांगितला: आई बसायची ना, तिथून आत. फळवाल्याला तो पत्ता सापडणं शक्य नव्हतं. आणि पुढे तुझं वाक्य, 'पत्ता चुकीचा नव्हता. या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली.' मला यातलं काही आठवत नाही आत्ते. आईचं अंथरूण आठवतं, तुझ्याकडे येताना मांडीवर घेतलेली पिशवी आठवते. फळवाला नाही आठवत. तू इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस. मला पुढे घालून मागून न बोलता चालणारी तू, मला इतकी वर्षं फक्त पाठीवर माहीत होतीस. त्या दिवशी मागे वळून पाहिल्यासारखं झालं. गुंता उगाचच पाणी आणायला गेला, आणि पाणी न घेता परत आला.

बघ, कुठली कुठे गेले. हां, एवढं एक राहिलंय. परवा एक पार्सलवाला गल्लीत गोंधळून उभा होता, पत्रिकेचं ऑफिस कुठे म्हणून विचारत. मी मालकीणबाईंसाठी चादरींचा गठ्ठा घेऊन निघाले होते, चालता चालता त्याला सांगितलं, 'छत्रीवाल्याच्या दुकानावरून आत वळा, जिना दिसेल.' तो इकडे बघतो, तिकडे बघतो. म्हणाला, 'ताई, कुठेय छत्रीवाला?' आणि मी गठ्ठ्यासकट जागच्या जागी थांबले. छत्रीवाल्याने दुकान उचललं त्याला आता बरेच दिवस झाले. तिथे काचेचं दार आहे आणि आत चपला मिळतात. तुझ्याच लेखात तू लिहिलंयस ना, की नवखा माणूस पाट्यांवरून रस्ता सांगतो आणि रुजलेला माणूस नसलेल्या गोष्टींवरून. आत्ते, मी कुठल्याही गावात आजवर इतकी राहिलेच नव्हते, की माझ्यासमोर तिथलं काही नाहीसं व्हावं.

म्हणून हे पत्र. लेखाचा निर्णय तुझाच. पण कुणाच्या सांगण्यावर विसंबून रस्ता मानणारी तू नव्हेस, सांगितलेलं चालून बघणारी आहेस. तर माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. ये, आणि चालून बघ. बाईंनी सगळी फाईल, परीक्षकांचं अक्षर न् अक्षर, तुझ्यासाठी काढून ठेवलंय. वाच, मालकीणबाईंना विचार, करपलेला शर्ट बघ, आणि मग संपादकबाईंच्या तोंडावर सांग, हो की नाही. बसमधून उतरलीस की पाट्या वाचू नकोस. जिथे मोठं झाड होतं तिकडे तोंड कर. बेकरीचा वास यायचा त्या गल्लीने नाकासमोर चल. गल्ली वळते, मला ती आता सरळच वाटते. पुढे लाल टपालपेटी होती, तिथून डावीकडे. मग छत्रीवाला. तिथे तू नक्की थबकशील, इकडेतिकडे बघशील, आणि छत्री काही दिसणार नाही. पुढे जाऊ नकोस, कुणाला विचारूही नकोस. या खेपेला तू पुढे, मी मागे नाही. मी तिथेच उभी असेन.

तुझीच, आता पत्ता असलेली,
भिंगरी